दोन मोटारींएवढं घर

मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या मोटारीला उभं राहायला अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा लागते असं लिहिलंय. गुणाकार करा. पावणेचौदा चौरस मीटर. दोन मोटारी शेजारीशेजारी लावल्या की साडेसत्तावीस झाले. आता त्याच नियमावलीतलं दुसरं पान काढा. झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला घर द्यायचं ते २७.८८ चौरस मीटरचं. म्हणजे ३०० फूट. दोन मोटारी आणि वर एक स्टूल ठेवण्यापुरती जागा.

आकडे जुळले हा योगायोग असेल. पण माप कसं काढलं हा योगायोग नाही. मोटारीचं माप काढताना मोटार मोजली. तिची लांबी मोजली, रुंदी मोजली, दार उघडून शेठ उतरेल तेवढी फट बाजूला धरली, वळायला वेगळा रस्ता धरला. मोटारीच्या अंगाचं माप घेतलं. आमच्या अंगाचं माप कुणी घेतलं? कुठल्या साहेबानं टेप लावून पाहिलं, की चार माणसं, सात माणसं एका वेळी घरात असतात तेव्हा कुठं झोपतात, कुठं शिजवतात, कुठं कपडे बदलतात, पोर अभ्यासाला कुठं बसतं, म्हातारी रात्री उठली तर कुणाच्या अंगावर पाय देऊन संडासात जाते?

कुणी नाही. दोस्तांनो, मला एवढंच सांगायचंय. या शहरात आमच्या घराचं माप आमच्यावरून कधी ठरलंच नाही. आधी ते गिरणीवरून ठरलं. मग ते जमिनीच्या भावावरून ठरलं. आणि आपण, स्वतःला लढाऊ म्हणवणारे आपण, घर मिळालं की नाही यावर मोर्चे काढले, पण घर केवढं आणि कसं यावर जेमतेम तोंड उघडलं.

*

जरा मागं जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. तेव्हा गोऱ्या सरकारला अचानक शोध लागला की गरिबांच्या खोल्यांत ऊन नाही, वारा नाही. भिंतींवर इंग्रजी अक्षरं रंगवली : यूएचएच. अर्थ, माणसांच्या राहण्यास अयोग्य. बरं झालं, कबूल तरी केलं. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं घरं पाडली फार, बांधली थोडी. जी बांधली त्या आपल्या बीआयटी चाळी.

मग पहिलं महायुद्ध संपलं. गिरण्या जोरात. कामगार ठेवायचे कुठं? १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. पन्नास हजार खोल्या बांधू म्हणाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी उठल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याला वीस खोल्या, मधून बोळ, टोकाला सामाईक संडास. खोली १६० फुटांची. सिमेंट काँक्रीटची पेटी. माप कुठून आलं? पाळी संपवून आलेला माणूस आडवा पडेल आणि भोंगा झाला की उठून जाईल, एवढ्यावरून. त्याला बायको असेल, पोरं होतील, पोरं शिकतील, म्हातारे आईबाप गावाहून येतील, हे त्या मापात नव्हतंच. गिरणीला हात पाहिजे होते. हातांना घर लागत नाही, खुंटी लागते.

आणि ऐका. १९३० च्या कायदेभंगाच्या काळात तुरुंग भरले तेव्हा सरकारनं वरळीच्या याच चाळी तुरुंग म्हणून वापरल्या. सत्याग्रही तिथं कोंडले. कैदी गेल्यावर त्याच खोल्यांत आपली माणसं भाडं भरून राहिली. या एका गोष्टीत या शहराच्या गृहनिर्माणाचा सगळा इतिहास आला. कैद्याची खोली आणि कामगाराची खोली यांत फरक एवढाच, की कामगाराला भाडं भरावं लागतं.

आजचं बघायचं तर केंद्र सरकारची २०१६ ची आदर्श तुरुंग नियमावली आहे. तिच्यात बराकीत झोपणाऱ्या एका कैद्यामागं किमान ३.७१ चौरस मीटर जागा सांगितलीय. म्हणजे ४० फूट. हे कागदावर. खरे तुरुंग खचाखच भरलेत आणि त्यांत आपलीच माणसं जास्त आहेत, हे मला माहीत आहे. पण कागदावर तरी कैदी मोजलाय. माणशी एवढे फूट असं लिहिलंय. आमच्या घराला माणशी काही नाही. कुटुंबाला एक खोका. कुटुंबात दोघं असोत की दहा.

आमच्या घरात सात माणसं. आजी, आई, बाप, भाऊ, वहिनी, त्यांचं पोर आणि मी. घर एसआरएचं, जुन्या मापाचं, २२५ फूट. त्यातच मोरी आणि संडास. भागाकार मी चौथीत शिकले. माणशी ३२ फूट. कागदावरच्या कैद्याला आमच्यापेक्षा आठ फूट जास्त. आम्ही गुन्हा काय केला ते अजून कळवलेलं नाही.

*

आता मला पोरांशी बोलायचंय. चळवळीतल्या आपल्या पोरांशी.

तुम्ही म्हणता, आपलं घर म्हणजे नुसतं झोपायला. दिवस कसाही निघतो. तुमचा निघतो. तुम्हांला कट्टा आहे. नाका आहे, चहाची टपरी आहे, मंडळाचं ऑफिस आहे, गच्ची आहे. रात्री बारापर्यंत तुम्ही तिथं क्रांतीवर बोलता. तो कट्टा म्हणजे तुमच्या घराची दुसरी खोली आहे. फुकट मिळालेली. बायांना ती खोली नाही. सासऱ्यासमोर, दिरासमोर, पोरांसमोर, त्याच खोलीत बाईनं लुगडं बदलायचं, त्याच खोलीत बाळंत होऊन यायचं, त्याच खोलीत पाळीच्या दिवसांत कपडा कुठं वाळवायचा ते बघायचं. नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं मध्ये साडी बांधून संसार करायचा आणि सगळ्यांनी झोपल्याचं सोंग घ्यायचं. ह्याला कुणी शोषण म्हणत नाही. ह्याला 'ॲडजस्ट करणं' म्हणतात. आमच्या बायांनी या शहराला एवढं ॲडजस्ट करून दिलंय, की त्या बळावर बिल्डरांचे टॉवर उभे राहिलेत.

नवरा मारतो तेव्हा बाईला आत जाऊन कडी लावायला दुसरी खोली नसते. पोरगी वयात येते तेव्हा तिला पाठ फिरवायला भिंत नसते. एका दारामुळं माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो, हे ज्यांच्या घरात सहा दारं आहेत त्यांना कळणार नाही. म्हणून मी म्हणते, नुसते फूट मोजू नका. दारं मोजा. तीनशे फुटांचा एकच हॉल काढला तर ती मोठी झालेली चाळीची खोलीच. आत मधे कडी लागणारी एक खोली पाहिजे. तिथून घर सुरू होतं.

*

दुसरी गोष्ट शिक्षणाची. 'शिका' हा शब्द आपण भिंतीभिंतींवर लिहिलाय. कुठं बसून शिका?

बाबासाहेब पोरवयात परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत सामान, त्याच खोलीत अभ्यास. सुभेदार रामजी बाबा रात्री दोनला पोराला उठवत, कारण त्याआधी त्या खोलीत पुस्तक उघडायला शांतता नव्हती. ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो आणि टाळ्या घेतो. जिद्द बघा, म्हणतो. जिद्द होतीच. पण त्या गोष्टीतली खोली पण बघा ना! एवढ्या थोर बुद्धीच्या पोराला झोप मोडून अभ्यास करायला लावणारी ती खोली हा आरोपी आहे. आपण आरोपीला सोडून देतो आणि सोसणाऱ्याचा हार घालून सत्कार करतो.

बाबासाहेबांनी स्वतः ती खोली विसरली नाही. पुढं परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षं काढली. आणि ऐपत आली तेव्हा, १९३० च्या दशकात, दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. ज्यानं आपल्याला शिका म्हणून सांगितलं त्यानं पुस्तक ठेवायला भिंत आणि वाचायला जागा लागते हे ओळखलं होतं. आपण मात्र पोरांना सांगतो, बाबा दिव्याखाली शिकले, तू का नाही? शंभर वर्षांनीसुद्धा पोरानं जिन्यात बसून अभ्यास करायचा आणि आपण त्याचा फोटो काढून पेपरात द्यायचा, याची आता लाज वाटली पाहिजे.

*

तिसरी गोष्ट उन्हाची. ऊन फुकट असतं असं शाळेत शिकवलं. साफ खोटं. मुंबईत ऊन विकत मिळतं.

मानखुर्द-गोवंडीच्या बाजूला प्रकल्पग्रस्तांना उचलून नेऊन टाकलं त्या वसाहती बघा. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. सात-सात मजल्यांच्या इमारती आणि दोघींमध्ये अंतर काही ठिकाणी अवघं तीन मीटर. दोन माणसांनी हात पसरले की गल्ली संपली. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा. खिडकी उघडली तर समोरच्याची मोरी. मधल्या फटीत कचरा, गळणारे पाइप आणि घुशी. २०१८ च्या सुमारास डॉक्टरांच्या एका संस्थेनं या दोन वसाहती आणि जवळचीच पीएमजी कॉलनी अशा तिन्ही ठिकाणी घरोघर जाऊन टीबी मोजला. जिथं इमारती चिकटून, तिथं टीबी जास्त. जिथं अंतर बरं, तिथं कमी. आणि एकाच इमारतीत वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर जास्त. जंतू तोच. माणसं तीच. नकाशा वेगळा. म्हणजे रोग हवेनं पसरला असेल, पण त्याला घरात आणून बसवलं ते नकाशावर सही करणाऱ्यानं.

१८९६ ला भिंतीवर 'राहण्यास अयोग्य' असं लिहिण्याएवढा तरी निर्लज्ज प्रामाणिकपणा होता. आता त्याच अयोग्य घराला वापर परवाना मिळतो, फीत कापली जाते, चावी दिली जाते, आणि चावी घेताना हात जोडायला लागतात.

हे चुकून झालेलं नाही. नियम वाचा. पुनर्वसनाच्या इमारतींना बाजूच्या मोकळ्या जागेत सवलत, दोन इमारतींच्या अंतरात सवलत. सवलत कुणाला? बिल्डरला. भरतं कोण? फुप्फुसं. आणि त्याच नियमात घनतेची अट आहे. हेक्टरी किमान ५०० घरं, २०१८ च्या नियमावलीत किमान ६५०. नीट वाचा, किमान! जगात गर्दीला कमाल मर्यादा घालतात. इथं किमान आहे, म्हणजे याच्यापेक्षा कमी गर्दी चालणार नाही. उलट केंद्राच्या २०१५ च्या आवास योजनेत दुर्बल घटकाचं घर ३० चौरस मीटर'पर्यंत'. तिथं कमाल. गर्दीला किमान, घराला कमाल. गरिबाच्या वाट्याला कायदासुद्धा उलटा टांगून येतो.

*

आता एकाच प्लॉटवर चला. आपली वस्ती होती ती जागा. अर्ध्याहून कमी जागेत कोपऱ्याला आपली इमारत, उरलेल्या जागेत विक्रीची. मधे भिंत. त्यांचं गेट मोठ्या रस्त्यावर, आपलं गेट मागच्या गल्लीत. त्यांची लिफ्ट चालते, आपली पहिल्या पावसाळ्यात बंद पडते. त्यांच्या पोडियमवर मोटारी झोपतात, त्यांच्या खिडकीला समुद्र, खाडी, नाही तर निदान झाड. विक्रीच्या इमारतीलाही सवलती मिळतात, पण तिथं बिल्डर स्वतःहून वारा सोडतो, कारण तिथं खिडकीचा भाव लागतो. आपल्या खिडकीला भाव नाही, म्हणून आपल्या खिडकीला वारा नाही.

एक जमीन, एक बिल्डर, एक नकाशा, एक सही. मापं दोन. याला मी जात म्हणते. कुणाला राग येवो. एसआरएच्या इमारतीत नुसते आपण नाही. मुसलमान आहेत, तमिळ आहेत, उत्तरेकडून आलेले आहेत, मराठे-कुणबीही आहेत. पण जात म्हणजे नुसतं आडनाव नव्हे. माणसांना दोन मापांनी मोजायची रीत म्हणजे जात. ती रीत जिथं चालते तिथं पायरीवर जो कोण उभा असेल तो अस्पृश्यच. गावानं आम्हांला कुसाबाहेर ठेवलं होतं. शहरानं कुसाच्या आत घेतलं, आणि मग कूस प्लॉटच्या मधोमध बांधलं.

आणि आग लागली की दोन मापं उजेडात येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावला जय भवानी नावाच्या एसआरए इमारतीत पहाटे आग लागली. खाली गाड्या पेटल्या, धूर जिन्यातून वर गेला, झोपेतली माणसं मेली. मग सरकारला सुचलं की जुन्या एसआरए इमारतींना बाहेरून लोखंडी जिने लावावेत. आधी राख, मग जिना. आमच्या सुरक्षेचे सगळे नियम आमच्या मढ्यांवर लिहिलेले आहेत.

*

दोन प्रश्न हमखास येतात. एकेक घेऊ.

पहिला : फुकट मिळतंय ना? मग तक्रार कसली?

फुकट? कुणाच्या बापानं दिलं? ही योजना १९९५ ला आली ती अशी : आमच्या पायाखालची जमीन बिल्डरला, तिच्यावर जादा चटई क्षेत्र बिल्डरला, ते बाजारात विकून तो आमची घरं बांधणार. म्हणजे आमच्या जमिनीतून आमचं घर निघालं आणि त्यावर त्याचा नफा निघाला. ज्या जमिनी आम्ही बुजवल्या, चिखलातून वर आणल्या, जिथं पालिकेनं नळ द्यायला वीस-वीस वर्षं लावली, त्या जमिनीला भाव आला तेव्हा आम्ही 'फुकटे' झालो. हिशेब बघा. १९९५ ला घर २२५ फूट आणि चटई क्षेत्र निर्देशांक अडीच. २००८ ला घर २६९ आणि निर्देशांक तीन. २०१८ ला घर ३०० आणि निर्देशांक चार किंवा त्याहून जास्त. घर तिसऱ्या हिश्श्यानं वाढलं. बांधकाम दीडपटीच्या वर गेलं. आम्हांला ७५ फूट वाढवून देण्याच्या नावाखाली किती मजले कुणाच्या घशात गेले, ते आपणच मोजलं पाहिजे. ते स्वतःहून सांगणार नाहीत.

दुसरा : मुंबईत जागाच नाही. घरं मोठी केली तर कमी लोकांना मिळतील.

मोटारींना कशी जागा आहे? मजल्यामागून मजले मोटारींचे आहेत. कुलूप लावून ठेवलेल्या, गुंतवणूक म्हणून घेतलेल्या फ्लॅटांना जागा आहे. जागा नाही हे वाक्य फक्त आमच्या पुढ्यात बोललं जातं.

आणि जागेचंच म्हणाल तर बीडीडी बघा. तीच १६० फुटांची खोली. तिथल्या लोकांनी संघटना केल्या, अडून बसले, सह्या द्यायला नकार दिला, जमीन सरकारी होती, काम म्हाडाकडं आलं, आणि ५०० फूट मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या. पाचशे! दोन खोल्या, दारं, खिडक्या. मी त्यांचं अभिनंदन करते. धारावीत पात्र ठरणाऱ्याला ३५० सांगितलेत. आणि बाकी सगळ्या झोपडपट्ट्यांना ३००. एकाच शहरात, एकाच वर्षी, सारख्याच कुटुंबाला ३००, ३५० आणि ५००. मग माप शास्त्राचं आहे का? की नियमाचं? काही नाही. माप रेट्याचं आहे. ज्यांचा रेटा जेवढा तेवढे फूट. मला यात निराशा दिसत नाही. उलट सगळ्यांत मोठी आशा इथंच आहे. जे रेट्यानं ठरतं ते रेट्यानं बदलतं.

ज्यांना वाटतं हे फक्त स्वप्न आहे, त्यांना दोन उदाहरणं देते. आपल्याकडं बीडीडी चाळी बांधत होते त्याच दशकात व्हिएन्ना शहरात समाजवादी नगरपालिका होती. १९२३ ते १९३४ मध्ये तिनं कामगारांसाठी साठ हजारांवर घरं बांधली. पैसा कुठून? श्रीमंतांच्या घरांवर चढता कर लावला, चैनीवर कर लावला. सुरुवातीची घरं ३८ आणि ४८ चौरस मीटरची, म्हणजे ४०० ते ५०० फुटांची. आत नळ, आत संडास, प्रत्येक खोलीला उजेड, मधे मोठाली अंगणं, पोरांना बालवाड्या. तरी लोकांनी लहान आहेत म्हणून ओरड केली, तेव्हा मापं वाढवली. हे शंभर वर्षांपूर्वी! फेब्रुवारी १९३४ मध्ये तिथल्या हुकूमशाहीनं कार्ल मार्क्स होफ या कामगारांच्या वसाहतीवर तोफा डागल्या. कामगाराचं चांगलं घर सत्तेला किती टोचतं ते कळलं ना?

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. १९६१ ला पार्कर मॉरिस समितीचा अहवाल आला. त्यांनी आधी फूट ठरवले नाहीत. आधी विचारलं, या घरात माणसं काय काय करणार? कुठं जेवणार, पोरं कुठं खेळणार, कुठं अभ्यास करणार, खाट केवढी, टेबल केवढं, कपाटाचं दार उघडायला किती जागा. मग त्यावरून मापं काढली, आणि तीही माणसांच्या संख्येवर. चौघांच्या फ्लॅटला साधारण ७५० फूट. सरकारी घरांना ते बंधनकारक झालं. १९८० ला थॅचरबाईंच्या सरकारनं ते काढून टाकलं. बाजारवाले आले की पहिला घाव टेपवर घालतात. कारण टेप खोटं बोलत नाही.

*

आता आपल्या घरातलं बोलू. आपले पुढारी.

बिल्डरच्या माणसाबरोबर वस्तीत सोसायटी काढायला कोण येतो? सह्या गोळा करायला कोण येतो? चावीवाटपाच्या स्टेजवर हार घालून कोण उभा असतो? निळा रुमाल गळ्यात घातला म्हणजे नकाशा तपासला असं होत नाही. आपली सगळी ताकद पात्र-अपात्रवर गेली. ती लढाई खरीच आहे. कागद नाही म्हणून माणसाला रस्त्यावर टाकणं हा गुन्हाच आहे. पण पात्र ठरल्यावर ज्या खोक्यात घालतात, त्या खोक्याबद्दल कोण बोलणार? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरानं ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. दहा माणसं गेली. आज त्या वस्तीचा पुनर्विकास चाललाय. तिथं उठणाऱ्या टॉवरांमध्ये अंतर किती, तळमजल्यावरच्या घरात ऊन किती वाजता येणार, बिऱ्हाडात माणसं किती आणि खोल्या किती, हे विचारणं म्हणजे त्या दहा जणांची आठवण ठेवणं. नुसत्या मेणबत्त्या लावून भागणार नाही.

म्हणून मागण्या स्वच्छ मांडू या. 'मोठी घरं द्या' असं मोघम नको.

एक. घराचं माप माणशी ठरलं पाहिजे. चौघांपर्यंत ५०० फूट कमीत कमी, पुढं प्रत्येक माणसामागं वाढ. मोठ्या कुटुंबाला मोठं घर, नाही तर शेजारची दोन.

दोन. आतून कडी लागणाऱ्या दोन खोल्या आणि खिडकी असलेलं स्वयंपाकघर. हे नसेल तर त्याला कुटुंबाचं घर म्हणायला बंदी.

तीन. दोन इमारतींमधलं अंतर उंचीवरून ठरवा, आणि कसोटी सगळ्यांत खालच्या मजल्यावर घ्या. तिथं दिवसा दिव्याशिवाय पुस्तक वाचता आलं पाहिजे. नाही तर वापर परवाना नाही.

चार. एका प्लॉटवर एकच नियम. विक्रीच्या इमारतीला जो जिना, जे अंतर, जी आगीची यंत्रणा, जी लिफ्ट, तीच पुनर्वसनाच्या इमारतीला.

पाच. हेक्टरी घरांची किमान अट काढा आणि कमाल अट घाला.

हे मागायला कुठल्या पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही. पन्नास रुपयांचा टेप लागतो. आपल्यातल्या प्रत्येकानं आपल्या चाळीत, आपल्या इमारतीत, आपल्या संक्रमण शिबिरात घरोघर जावं. माणसं मोजा. फूट मोजा. आतली दारं मोजा. खिडकीसमोरची भिंत किती लांब ते मोजा. खोकणारी माणसं मोजा. जिन्यात अभ्यास करणारी पोरं मोजा. मजल्यानुसार लिहून काढा. शंभर घरांचा असा कागद घेऊन आपण गेलो तर साहेबाला 'बघू' म्हणता येणार नाही, कारण समोर भाषण नसेल, हिशेब असेल. आपण घोषणा दिल्या तर ते गेट बंद करतात. आपण आकडे दिले तर त्यांना आपल्या सहीचा नकाशा काढून दाखवावा लागेल.

आणि पुढची चावी वाटायला मंत्री येतील तेव्हा स्टेजसमोर टाळ्या वाजवत उभं राहू नका. वर जा, दार उघडा, टेप लावा. दोन मोटारींचं भरलं तर तिथूनच खाली ओरडून सांगा, की हे पार्किंग आहे, घर कुठंय?